चिंचेखालचा मॅट्रिकचा वर्ग

परंड्यात प्लेगचे उंदीर पडायला लागले आणि बघता बघता गाव उठलं. ज्याचं शेत होतं त्यानं शेतात खोप घातली, ज्याचं नव्हतं त्यानं ओळखीच्याच्या बांधाला आसरा धरला. किल्ल्याकडची पेठ ओस पडली. वीरप्पा कापडवाल्यानं दुकानाला कुलूप घातलं आणि बायकापोरांना घेऊन तोही मळ्यात राहायला गेला. तहसीलीच्या हुकमानं शाळा बंद झाली. कचेरीत शेवटपर्यंत उरला तो एकटा पंचाक्षरी.

पंचाक्षरी शाळेचा अहलकार. अहलकार म्हणजे कारकून. पण निजामी अमदानीत तालुक्याच्या शाळेत कारकून म्हटला की घंटेच्या दोरीपासून पाण्याच्या रांजणापर्यंत सगळं त्याच्या अंगावर. जंगमाच्या घरातला, म्हणून लहानथोर त्याला स्वामी म्हणत. आवाज बारीक, चाल भराभर, आणि एखादं काम हातात घेतलं की ते तडीस जाईपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे.

गेल्या साली हैदराबादच्या विद्यापीठानं एक चांगली गोष्ट काढली होती. मिडल पास होऊन घरी बसलेल्या मुलांसाठी तालुक्याच्या गावी मॅट्रिकचा वर्ग. शिकवायला नुकतीच पदवी घेतलेला एक तरुण विद्यापीठ धाडणार. बाकीचं गावानं बघायचं. गावानं म्हणजे अर्थातच पंचाक्षरीनं. खोली, बाकं, मास्तरांचं जेवणखाण, कुर्डुवाडीहून मोटारीच्या टपावर येणारी पुस्तकं हे सगळं त्यानं जमवलं. मुलं जमवणं मात्र अवघड गेलं. परीक्षा उर्दूतून, म्हटल्यावर निम्मे दारातूनच माघारी फिरत. तरी घरोघर हिंडून त्यानं डझनभर पोरं गोळा केली. त्यात मेंढरांमागं जाणारा धनगराचा बिराप्पा होता, आणि वीरप्पाची महानंदा होती. सगळ्यांत मुलगी ती एकटीच. तिच्यासाठी पंचाक्षरी वीरप्पाच्या दुकानाची पायरी किती वेळा चढला, त्याला गणती नाही. शेवटी वीरप्पा कंटाळून म्हणाला, "स्वामी, तुमी सोता तिथं बसत असाल तर धाडतो." तेव्हापासून वर्ग सुटेपर्यंत पंचाक्षरी मागच्या बाकावर बसून राही, आणि बसून बसून त्यालाही थोडीफार भूमिती यायला लागली होती.

आता शाळेलाच कुलूप लागलं. हबीब, म्हणजे विद्यापीठानं धाडलेला मास्तर, बिछाना बांधून कचेरीत आला.

"स्वामी, तार आयी है. वापस बुलाए."

"अन् वर्ग?"

"शाळा बंद, गाव खाली. किसको पढ़ाऊँ मैं?"

पंचाक्षरीनं त्याला पाणी दिलं. मग म्हणाला, "मास्तर, शाळा सरकारची हाय, ती बंद झाली. वर्ग विद्यापीठाचा हाय. पोरं कुठं गेली ती मला बघून येऊ द्या. उद्याच्या सांजंपर्यंत थांबा. पोरं न्हाई मिळाली तर मी सोता तुमाला मोटारीत बसवतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो निघाला. माळ, मळे, ओढ्याकाठ, सगळं तुडवलं. प्रत्येक खोपीसमोर उभा राहून हाक मारायचा, पोरगं बाहेर आलं की विचारायचा, "पुस्तकं आणलीस का गावातून?" बहुतेकांनी आणली होती. एकानं तर घरातली भांडी मागं ठेवून पुस्तकांचं गाठोडं आणलं म्हणून बापाचा मार खाल्ला होता. पंचाक्षरीचं पाऊल हलकं झालं ते तिथून.

ही सगळी पोरं चहूकडं पांगलेली. पण त्यांच्या मधोमध बिराप्पाची मेंढरं रात्री कोंडायचं वाडगं होतं आणि त्याच्या कडेला एक जुनी चिंच होती. बिराप्पाची आई म्हाळसाबाई वाडगं झाडत होती.

"बाई, दिवसा ही जागा मोकळी असती का?"

"मेंढरं रानात गेली की मोकळीच. का वो स्वामी?"

"वर्ग भरवावा म्हणतो."

म्हाळसाबाईनं खराटा थांबवला. "भरवा की. पर लेंड्यांचा वास सोसंल का तुमच्या मास्तरला?"

हबीब आला, चिंचेखाली उभा राहिला, नाकाला रुमाल लावला. समोर पोरं पोत्यांवर बसली होती. महानंदा बापाबरोबर आली होती, आणि वीरप्पा पोरीकडं न बघता पंचाक्षरी बसलाय का तेवढं बघत होता. हबीबनं रुमाल खिशात घातला आणि खडू काढला. फळ्याच्या जागी वीरप्पाच्या दुकानाची एक फळी चिंचेच्या खोडाला टेकवली होती.

पंचाक्षरीनं त्याच दिवशी विद्यापीठाला लिहिलं की गाव रिकामं झालं आहे पण वर्ग पुरा हजर आहे, मास्तर काढून घेऊ नयेत. तिथल्या साहेबांचं उत्तर आलं: चालू ठेवा. पुस्तकं येतच राहिली. मोटार गावात यायची बंद झाली होती, तर पंचाक्षरी सडकेवर जाऊन गठ्ठे उतरवून घेई आणि डोक्यावरून माळावर आणी. हबीबची भाकरी म्हाळसाबाईच्या चुलीवरची. पहिल्या दिवशी त्यानं ठेच्याला हात लावला आणि डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभरात तो स्वतःच ठेचा मागून घेऊ लागला.

संक्रांत माळावरच झाली. परीक्षा जवळ आली, आणि तेव्हा नवंच संकट उभं राहिलं. परीक्षेचं केंद्र धाराशिवला. प्लेगच्या गावच्या माणसाला तिथं वेशीतच अडवत होते. लस टोचल्याची चिठ्ठी हवी आणि निरोगी गावात दहा दिवस राहिल्याचा दाखला हवा. तहसीलीतल्या एका साहेबांनी पंचाक्षरीला सल्ला दिला, "पुढच्या साली बसवा. पोरं काय पळून चालली?"

"साहेब, पुढच्या साली ही पोरं मिळायची न्हाईत," पंचाक्षरी म्हणाला. "पोरीचं लगीन होईल, बिराप्पा मेंढरं घेऊन लांबच्या रानाला जाईल. जमलेली हायेत ती आत्ता हायेत."

लस टोचणाऱ्या डॉक्टरला माळावर धाडायचं साहेबांनी कबूल केलं.

डॉक्टर आला आणि माळ रिकामा झाला. बाया पोरांना घेऊन खोपींत शिरल्या. सुईनं ताप येतो, माणूस वाळत जातो, बाईमाणसाला मूल होत नाही, असं काय काय ऐकलेलं. वीरप्पा हात जोडून म्हणाला, "स्वामी, परीक्षा ऱ्हाऊ द्या. पोर माझी."

म्हाळसाबाई तेवढी जागची हलली नव्हती. तिनं पंचाक्षरीला सरळ विचारलं, "तुमी टोचून घेतली का?"

पंचाक्षरीनं टोचून घेतली नव्हती. पोरांच्या मागं धावताना सवडच झाली नाही, असं त्याला सांगता आलं असतं. खरं म्हणजे तोही मनातून भ्यालेला होता. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग आदी तुमी घ्या," म्हाळसाबाई म्हणाली. "मागनं माझा लेक घेईल."

सगळ्यांच्या देखत त्यानं सदऱ्याची बाही वर सारली. सुई शिरताना त्यानं डोळे मिटून शिवाचं नाव घेतलं. संध्याकाळपर्यंत दंड टम्म सुजला, अंग फणफणलं. बायको इरम्मानं कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली आणि म्हणाली, "उद्या पडून ऱ्हावा."

"उद्या पडून ऱ्हायलो तर सगळंच पडंल," तो म्हणाला.

सकाळी तो उठला. घोंगडं पांघरून, काठी टेकत चिंचेकडं निघाला. वाटेतल्या प्रत्येक खोपीच्या दारात माणसं उभी राहून बघत होती, स्वामी पडतो का चालतो. तो चालला. चिंचेखाली पोत्यावर बसला, आणि दात वाजत होते तरी सगळ्यांची हजेरी घेतली. त्याच्या पुढच्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला होता. त्यानं म्हाळसाबाईकडं भाकरी मागितली आणि सगळ्यांसमोर बसून खाल्ली.

डॉक्टर परत आला तेव्हा म्हाळसाबाईनं आधी स्वतःचा दंड पुढं केला, मग बिराप्पाला ढकललं. मागोमाग सगळी पोरं. वीरप्पा बराच वेळ बांधावर उभा होता. महानंदा म्हणाली, "अप्पा, स्वामी मेले का?" वीरप्पाला हसू आलं. त्यानं तिला पुढं पाठवलं, आणि मग बाही सारून स्वतःही रांगेत उभा राहिला.

वर्ग बैलगाड्यांतून निघाला. वाटेत बार्शी, ती इंग्रजी मुलखात. नाक्यावर चिठ्ठ्या दाखवल्या, तिथून छोट्या आगगाडीनं येडशी. तिथं प्लेग नव्हता; तिथल्या पाटलाला सांगून पंचाक्षरीनं रामलिंगाच्या धर्मशाळेत मुक्काम टाकला. महानंदाबरोबर वीरप्पा होताच. दहा दिवस तिथं हबीबनं उजळणी घेतली. माकडं येऊन पुस्तकं पळवत, पोरं मागं धावत. एकदा वानरानं बीजगणितच नेलं, तेव्हा बिराप्पा झाडावर चढून ते घेऊन आला. मेंढरांमागं हिंडलेल्या पोराला झाडाचं काय भय.

धाराशिवला केंद्राच्या दारात परंड्याचं नाव काढताच सगळे दोन पावलं मागं सरले. पंचाक्षरीनं चिठ्ठ्या आणि पाटलाचे दाखले पुढं केले. केंद्रावरच्या साहेबांनी ते दोनदा बघितले. मग पोरांकडं बघितलं. पोरांनी न सांगताच बाह्या वर केल्या आणि दंडावरच्या खुणा दाखवल्या. दार उघडलं. महानंदाला पडद्याआड वेगळं टेबल मिळालं. पेपर चालू असेपर्यंत पंचाक्षरी आणि वीरप्पा समोरच्या लिंबाखाली बसून राहिले.

निकाल लागला तोवर गाव परतलं होतं. घरं सारवून झाली होती, पेठ उघडली होती. जरिदा, म्हणजे सरकारी गॅझेट, मोटारीनं आला आणि पंचाक्षरी शाळेच्या ओट्यावर तो घेऊन बसला. बघता बघता ओट्याखाली गर्दी झाली. उर्दू अक्षरांवरून बोट फिरवत तो एकेक नाव मराठीत सांगू लागला. दोघं नापास झाले होते. त्यांना त्यानं आधीच आत बोलावून पाठीवर हात ठेवला होता आणि सांगितलं होतं की वर्ग पुन्हा भरणार आहे, पहिली नावं त्यांचीच.

महानंदाचं नाव आलं. वीरप्पानं खांद्यावरचा शेला काढून पंचाक्षरीच्या खांद्यावर घातला. हबीबला धरून पोरांनी उचललं. "अरे नक्को, नक्को," म्हणत तो हसत होता.

मग बिराप्पाचं नाव आलं. म्हाळसाबाई गर्दीच्या मागं उभी होती, पदर सावरून.

"स्वामी, काय म्हणलासा?"

"बिराप्पा पास झाला, बाई. मॅट्रिक पास. तुमच्या वाडग्यात शिकून."

"छापलंय का तसं?"

"छापलंय. हैदराबादेत."

"मग परत एकदा वाचा," ती म्हणाली. "मोट्यानं वाचा. हितं कुणाला ऐकू आलं न्हाई."

पंचाक्षरी बसून वाचत होता, तो उठून उभा राहिला. शेला नीट केला. आणि आपल्या बारीक आवाजाला जेवढं झेपेल तेवढ्या मोठ्यानं त्यानं बिराप्पाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि परंडा गावाचं नाव वाचून दाखवलं.