बोटभर फट

या, असे जवळ सरकून बसा, मायबाप. आज एका दाराची गोष्ट सांगतो. ऐकीव नाही, अंगावरची आहे. सांगता सांगता मध्येच देवाचे आभार डोकावले, तर सांभाळून घ्या.

मी सुतार. हाताला गुण होता, पण त्या हातात रंधा कमी आणि बाटली जास्त, असे दिवस आले होते. बायको भांडून थकली आणि एका शनिवारी अगदी शांतपणे म्हणाली, "दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते म्हणे, जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर, पाच वाजता. आज तिथे पाऊल टाकलं नाहीत, तर उद्या मी लेकीला घेऊन भावाकडे चालले. मग बसा रंध्याशी संसार करत."

ती बोलते तसं करते. माझं धाबं दणाणलं. पण लाजही तेवढीच! वाटेत कुणी हटकलं तर? म्हणून अवजारांची पिशवी खांद्याला अडकवली. सुतार पिशवी घेऊन निघाला म्हणजे कामालाच निघाला, कोण विचारतंय? आणि खोटं कशाला बोलू, पिशवीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक चपटीही होती. धीर सुटला तर असावी म्हणून.

असो, पूर्वरंग पुरे. जिना चढलो. खोलीत आठ-दहा खुर्च्या गोल मांडलेल्या. मी उंबऱ्याशीच घुटमळलो, तेवढ्यात कपबशा मांडणाऱ्या मावशींची नजर पिशवीवर गेली.

"आलास का बाबा एकदाचा! तीन दिवस निरोप धाडतेय. हे दार बघ, रुसलेल्या जावयासारखं फुगून बसलंय. लागतच नाही."

'मी बैठकीला आलोय.' तीनच शब्द होते. पण तोंडातून निघालं, "बघू, कुठे घासतंय?"

बिजागऱ्या सोडवल्या, दार उतरवलं, बाहेर कडेवर उभं केलं. एक थोराड म्हातारे न सांगताच येऊन दुसरं टोक धरून उभे राहिले. आयुष्यभर बस चालवलेली, म्हणून सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. मी रंधा मारू लागलो. आत माणसं जमली, बसली, पण आवाज नाही.

"सुरू करा की तुमचं," मी म्हणालो.

"दार लागल्याशिवाय इथे कुणी तोंड उघडत नाही," काका म्हणाले. "इथलं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढा एकच नेम आहे आमचा."

मी आत पाहिलं. कोपऱ्यात एक बाई रुमालाला पीळ घालत होती.

"तिचा पहिला दिवस," काका हळूच म्हणाले. "तू सावकाश कर. थांबायला शिकलोय आम्ही."

माझाही पहिलाच, हे काही बोलवेना. काम संपलं की पिशवी उचलून घरी जावं लागणार आणि घरी गेलो की संपलंच. म्हणून पाच हात मारायचे तिथे पन्नास मारले. ढलप्यांचा ढीग झाला. दार चौकटीत धरून पाहिलं, तर बाजूला बोटभर फट!

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "आधी लागत नव्हतं, आता लागून उपयोग नाही. सुतार आहेस की उंदीर?"

सगळे हसले. "कडेला लाकडी पट्टी ठोकतो, फट बुजेल," मी पुटपुटलो.

"मी देतो काढून," म्हणत काकांनी पिशवीत हात घातला. हात तळाशी गेला आणि थांबला. काकांनी पाहिलं, फडकं पुन्हा नीट गुंडाळलं, पट्टी काढून माझ्या हातात ठेवली आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "सुतार, तू बाहेरचा आहेस का रे?"

कसं कोण जाणे, देवाने बळ दिलं. "नाही काका," मी म्हणालो. "बाहेरचा नाही."

"मग ठेव ते दार भिंतीला. बाहेर कुणी उरलंच नाही."

मावशींनी कपाळाला हात लावला आणि माझ्यासाठी एक खुर्ची ओढली. त्या दिवशी बैठक उघड्या चौकटीत झाली. आधी ती बाई बोलली. काय, ते सांगणार नाही. मग मी बोललो, आणि पहिल्यांदाच माझ्या रडण्याला कुणी नाटक म्हटलं नाही. नंतर चपटी मीच मोरीत रिकामी केली आणि चौघांनी धरलेल्या दाराला पट्टी ठोकली.

काका मला घरापर्यंत सोडायला आले. माझ्या कपड्यांवरचा भुसा पाहून बायकोचा चेहरा उतरला. "कामालाच गेला होतात ना?"

मी तोंड उघडणार, तोच काका म्हणाले, "वहिनी, उद्या कुठे जाऊ नका. पुढच्या शनिवारी याला बैठकीला परत यायचंय. दाराला रंग द्यायचा राहिलाय आमच्या."

तिने दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, "चहा घेऊन जा, भाऊजी."

सहा वर्षं झाली. लेकीशी रोज दोन शब्द बोलायला मिळतात, याहून मोठा प्रसाद मला ठाऊक नाही. काकांचे गुडघे मात्र आता जिना चढू देत नाहीत. तेव्हा मायबाप, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा स्वतःचं सगळं मागून झाल्यावर त्या ड्रायव्हरकाकांची आठवण काढा. त्यांच्या गुडघ्यांसाठी दोन शब्द टाका.