वाल्मिकची सव्वा मूठ

सुरतच्या लिंबायतमधल्या त्या गल्लीत आजवर देशाने कोणाला निवडलं नव्हतं. वाल्मिकला निवडलं. चैत्रात सर्वेची माणसं आली, हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र. साऱ्या देशात हिपॅटायटिस बी, म्हणजे कावीळ ब, किती आहे, वाढतेय की उतरतेय, हे बघायला निघालेली. त्यांनी घरोघरची नावं टॅबलेटात भरली आणि टॅबलेटने गल्लीतून एकच नाव उचललं: वाल्मिक, वय सेहेचाळीस, लूम कारागीर.

ज्याला गणपतीच्या सोडतीत कधी स्टीलचा डबा लागला नाही, त्याचं नाव असं निघालं म्हटल्यावर तो काय जमिनीवर राहतो! चहाच्या लारीवर तो आठवडाभर सांगत होता, "एवढा मोठा देश, पण सरकारले रगत मन्हंच पाहिजे!" दंडावरचा कापसाचा बोळा त्याने दुसऱ्या दिवशीपर्यंत काढला नाही.

तीन आठवड्यांनी हेल्थ सेंटरच्या नर्स नूतनबेनचा फोन आला. नूतनबेन मूळच्या धुळ्याच्या, त्यामुळे गल्लीला त्या आपल्याच वाटत. त्यांनी वाल्मिकला समोर बसवलं आणि सांगितलं, "वाल्मिकभाई, तुमच्या रक्तात कावीळ ब सापडली."

"मी कुठे पिवळा पडलोय?" वाल्मिकने डोळे ताणून दाखवले.

"याच्यात माणूस पिवळा पडलाच पाहिजे असं नाही. याचा विषाणू आत मुक्काम ठोकून बसतो, वर्षानुवर्षं पत्ता लागू देत नाही. तुमचं लिव्हर सध्या ठीक आहे. दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं. दाढीचं ब्लेड आणि ब्रश वेगळा ठेवा. आणि बायको-मुलीला घेऊन या. त्यांना नसेल तर लस देता येते."

वाल्मिकने मान हलवली, घरी आला आणि कोणाला काही बोलला नाही. बढाई मारायला तोंड होतं, हे सांगायला नव्हतं.

खरं भय वेगळंच होतं. चंचल, त्याची तेरा वर्षांची एकुलती एक लेक, लहानपणी त्याच्याच ताटात जेवली होती. भाकरीचा घास आपण चावून मऊ करायचा आणि तिच्या तोंडात द्यायचा, हे त्यानेच केलं होतं. तिची नखं त्याने आपल्याच ब्लेडने काढली होती. तपासलं आणि तिच्यात निघालं, तर ते तिला कोणी दिलं हे उभ्या गल्लीला विचारायला नको. तपासलंच नाही तर निघणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने मनाला समजावलं. शहाण्या माणसाचं भय असं वेडं असतं.

मग त्याने आपला पेला वेगळा केला. ओळखू यावा म्हणून त्याला लाल दोरा बांधला. ताट वेगळं, अंथरूण दाराशी. नूतनबेननी सांगितलं होतं दोन वस्तूंचं, याने निम्मा संसार वेगळा काढला. बायको सरलाबाई दोन दिवस बघत राहिली आणि तिने आपला अर्थ लावला: दादल्याने कानबाई देवीला नवस बोलला आहे. नवस विचारायचा नसतो, म्हणून तिने विचारलं नाही. गल्लीला मात्र सांगितलं. बायका वाल्मिककडे आदराने बघू लागल्या, आणि तो बिचारा आणखीच आत आत जाऊ लागला.

असा आषाढही गेला आणि श्रावणात कानबाईचा शनिवार आला.

खानदेशची माणसं सुरतला येऊन लूमवर आणि कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये रुळली, पोरं गुजराती बोलू लागली, पण कानबाई सुटली नाही. रविवारी देवी बसते, प्रसादाच्या पोळ्या म्हणजे रोट होतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे. त्याआधी गहू मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तेवढ्याच गव्हाचं दळण, तेवढेच रोट.

गहू मोजायचा मान वाल्मिकच्या थोरल्या भावाचा, उखाचा. भाऊबंद पारोळ्याकडून सुरतला पांगले तेव्हापासून गव्हाची परात उखाच्याच घरी. तो मांडी घालून बसला, एकेक नाव घेत मुठी टाकू लागला. चुलतभाऊ चिंधाचं नाव त्याने दरवर्षीसारखंच गाळलं. चिंधा पलसाण्याला डाइंग मिलमध्ये कामाला, रिक्षाने तासाभराच्या वाटेवर, पण त्याचा रोट तीस वर्षांपूर्वीच तुटला होता. उखा-वाल्मिकची आई सोनाबाई पोट फुगून, हातपाय वाळून मेली, तेव्हा गावाने ठरवलं की करणी झाली आणि ती चिंधाच्या आईने केली. दोन वर्षांमागे ती काकूही वारली. खांदा द्यायला यांच्यातलं कोणी गेलं नाही.

"वाल्मिक," उखा म्हणाला आणि त्याने गव्हात हात घातला.

"दादा, मन्ही मूठ नको धरू."

उखाचा हात तसाच राहिला. "काबर? जित्ता माणूसनी मूठ कोणी सोडस का?"

"मन्हा रगतमा रोग शे. देवीना रोट बाटी जाई."

मग चार महिन्यांचं सगळं बाहेर आलं, चैत्रापासून दाराशी घातलेल्या अंथरुणापर्यंत. सरलाबाईचा चेहरा आधी उतरला, मग तापला. "आनि मी गल्लीभर सांगत फिरनू, नवस शे म्हनीसन!" ती ओरडली. "माले सांगाले काय व्हयनं व्हतं?" आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. वाल्मिक परातीकडे बघत बसला. बाप म्हणून, नवरा म्हणून त्याला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं.

"पप्पा, नूतनबेनने फोन लगाडु?" नूतनबेनना फोन लावू का, असं चंचलने गुजरातीत विचारलं. कोणी हो म्हणायच्या आत तिने लावलासुद्धा, आणि मोबाइल मोठ्या आवाजावर करून गव्हाच्या परातीशेजारी ठेवला.

उखाने मोबाइलला वाकून विचारलं, जणू देवीलाच कौल लावतोय. "बेन, एका ताटात जेवलं तर? एकाने मळलेल्या पिठाचा रोट सगळ्यांनी खाल्ला तर?"

"जेवा, उखाभाई. पोटभर जेवा," फोनमधून नूतनबेन म्हणाल्या. "हा जेवणातून जात नाही, पाण्याच्या पेल्यातून जात नाही. रक्तातून जातो. सण झाला की मंगळवारी सगळे सेंटरवर या. आणि उपाशी येऊ नका, कानबाईचे रोट खाऊन या."

उखाने फोनला नमस्कार केला आणि गव्हात हात घातला. एवढी मोठी सव्वा मूठ त्या परातीत कधी पडली नव्हती.

मंगळवारी चौदा जण सेंटरवर गेले. पुढे उखा, मागे बाया, पोरं, जणू मिरवणूकच. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर, वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे आहे. वाल्मिक आत गेलाच नाही. बाहेर स्कूटरींच्या रांगेशी उभा राहून तो त्यांचे नंबर वाचत होता. एकही नंबर डोक्यात शिरत नव्हता.

चंचल बोट दाबत बाहेर आली. "एकच लाइन, पप्पा."

त्याला खरं वाटेना. तो आत जाऊन स्वतः वाकून बघून आला, मग पुन्हा एकदा गेला. चंचलची पट्टी, पुतण्यांच्या पट्ट्या, सगळ्या धाकट्यांच्या पट्ट्यांवर एकेकच रेघ. सरलाबाईचीही एक. तिला लगेच लसीची पहिली सुई मिळाली.

"सर्वेतही असंच दिसेल, असं म्हणतात," नूतनबेन पट्ट्या ओळीने लावत म्हणाल्या. "तुमच्या पिढीत हा आहे. लस आल्यानंतर जन्मलेल्यांत कमी होत चाललाय. चंचलला जन्मल्या दिवशी टोचलं होतं ना? त्याची ही किमया."

वाल्मिकला तो दिवस आठवला. एका दिवसाचं लेकरू, आणि सुई घेऊन आलेली नर्स. तो तिच्या अंगावर धावून गेला होता. तुमच्या घरी पोरं नाहीत का, असं काहीबाही बोलला होता. तिने लेकराची मांडी धरून टोचलं होतं. तिचं नावही त्याला माहीत नव्हतं.

"बेन, ती नर्स कुठे भेटेल? मी तिला फार बोललो होतो."

"आम्हाला रोज कोणी ना कोणी बोलतं," नूतनबेन हसल्या. "आम्ही टोचतो."

वाल्मिक भिंतीकडे तोंड करून रडला. आनंदाने रडायची सवय नसल्यामुळे त्याला ते नीट जमलं नाही.

दोन रेघांची पट्टी त्या टेबलावर एकच होती. उखाची.

नूतनबेननी त्याला मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली, घाबरायचं नाही म्हणाल्या आणि विचारलं, "दोघा भावांत आहे. तुमच्या आईला लिव्हरचं काही होतं का?"

"पोट फुगलं होतं," उखा म्हणाला. "पाणी भरलं होतं पोटात. शेवटी डोळे पिवळे."

"आता छातीठोक सांगता येणार नाही. पण बहुतेक हाच असेल. आईकडून बाळंतपणात लेकरांना येतो. त्या माउलीला तरी कुठे माहीत होतं!"

"म्हणजे करणी नव्हतीच," उखा म्हणाला. बाकीच्यांना त्याने घरी धाडलं, वाल्मिकला सोबत घेतलं, घरून उरलेले दोन रोट फडक्यात बांधले आणि रिक्षावाल्याला पलसाणा सांगितलं. वाटेत वाल्मिकने दोनदा विचारलं, चिंधाने दार लावून घेतलं तर? उखा फडकं मांडीवर दोन्ही हातांनी धरून होता.

चिंधा नुकताच पाळीवरून आला होता, हातांना निळा रंग. दोघांना दारात बघून तो आत या म्हणाला नाही की जा म्हणाला नाही. त्याच्या मागे भिंतीवर काकूचा फोटो होता, हार सुकलेला.

उखाने त्या फोटोकडे बघितलं. येताना जुळवलेलं सगळं बोलणं तो विसरून गेला. त्याने फडकं पुढे केलं.

"चिंधा," तो म्हणाला, "तीस वरीसपासून तुन्ही मूठ ऱ्हाई गयी."