अर्धी गोळी

डेंटरचा पोरगा तान्हेपणी असा काही रडायचा की शेजाऱ्यांनी त्याचं नाव भोंगा पाडलं. बाप ज्या गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे ठोकून काढायला नोकरीला होता, तिथेच तो मोठा होऊन गाड्या रंगवायला लागला, आणि एका संध्याकाळी घरी येताना टेम्पोनं त्याची मोटारसायकल उडवली. जीव वाचला. पण उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली, आणि डोक्याला बसलेल्या मारामुळे मधूनच असा राग उसळायचा की समोर कोण आहे याचं भान उरायचं नाही. डावा हात तेवढा शाबूत होता, आणि सगळं बळ त्या एका हातात उतरलं होतं.

गोळ्यांनी तो राग ताब्यात राहायचा. गोळ्या महाग होत्या. दवाखान्यानं आधीच घर धुऊन नेलं होतं. बायकोच्या अंगावरचं सोनं गेलं, मग टीव्ही, मग डेंटरची स्वतःची वेल्डिंग मशीन. गोळी सकाळी तोच पाण्यात विरघळवून पोराला चमच्यानं पाजायचा आणि कामावर पळायचा.

बायको रोज संध्याकाळी पोराच्या उशाशी हात जोडून बसायची. डेंटरचा विश्वास अपघाताच्याच दिवशी उडाला होता.

"तुझा देव बरा आहे," तो म्हणायचा. "काम करत नाही, पण निदान बिल तरी पाठवत नाही."

"हसा तुम्ही," ती म्हणायची, आणि डोळे मिटायची.

त्या दिवशी तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून घरात शिरला, तेव्हा आधी दिसलं ते जमिनीवर उपडं पडलेलं ताट. मग बायकोचे पाय. ते फरशीवर तडफडत होते. भोंगा पलंगावरून अर्धा खाली लोंबकळत होता आणि डाव्या हातानं त्यानं आईचा गळा भिंतीला दाबून धरला होता. तिचा चेहरा काळानिळा पडला होता.

"सोड! अरे आई आहे ती!"

डेंटरनं त्याची बोटं उपटून काढायचा प्रयत्न केला. एक बोट सुटलं की दुसरं रुतायचं. त्यानं पोराच्या कानशिलात लगावली, केस धरून मान मागे खेचली, मनगटाला दात लावले. काही उपयोग नाही. बायकोची नखं भिंतीवर ओरखडायची थांबली, तसा त्याचा हात पिशवीत गेला.

हातोडीचा पहिला घाव कोपराखाली बसला. बोटं ढिली पडली नाहीत. दुसरा त्यानं, रोज पत्र्यावर घालतो तसा, नेम धरून घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला.

बायको खाली कोसळली. खोकत, ओकत ती सरपटत निघाली. डेंटरला वाटलं, दाराकडे. ती पोराकडे गेली. त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. भोंगा आता छत फाटेल असा किंचाळत होता, हात नको तिथे वाकून लोंबत होता, आणि डेंटर हातोडी धरून नुसता उभा होता.

दवाखान्यात हात प्लॅस्टरमध्ये बसवला. डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट घेऊन बाहेर आल्या.

"गोळ्या बंद केल्यात का?"

"एक दिवस चुकवली नाही," बायको म्हणाली. गळा सुजल्यानं आवाज घोगरा निघत होता. "हे रोज सकाळी स्वतः पाजतात."

"रक्तात तर निम्मंसुद्धा औषध दिसत नाही."

डेंटरनं मान खाली घातली. "मी अर्धी करून द्यायचो," तो म्हणाला. "पाकीट जास्त दिवस पुरावं म्हणून. मालकानं उचल द्यायची बंद केली."

बायकोनं पायातली चप्पल काढली. लग्नापासून तिनं त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. पहिला फटका तोंडावर बसला, दुसरा डोळ्यावर. मग चप्पल हातातून सुटली आणि ती मुठींनी मारत सुटली.

"माझ्या नरड्यावर त्याचा हात नव्हता, तुझा होता! आणि मोडलास मात्र त्याचा! मला का नाही सांगितलंस? मी दारोदार मागितलं असतं!"

वॉचमन धावत आला. "मारू दे तिला," डेंटर म्हणाला. नाकातून रक्त शर्टावर ठिबकत होतं. शेवटी दवाखान्यातल्या दोन आयांनी तिला धरून बाजूला नेलं.

थोड्या वेळानं तो वॉर्डात डोकावला. पोरगा औषधाच्या गुंगीत होता आणि ती हात जोडून उशाशी बसली होती. गळ्यावर पोराची बोटं उमटली होती.

"एवढं होऊनही मागतेस देवाकडे?" त्यानं विचारलं.

"हा बरा होऊ दे असं मागणं मी कधीच सोडलं," ती डोळे न उघडता म्हणाली. "याचा मला राग येऊ देऊ नकोस, एवढंच रोज मागते. आजपर्यंत ते मिळालंय." मग म्हणाली, "तुझा राग येऊ नये, हे मात्र आज मागवत नाही. जीभ वळत नाही."

घरी आल्यावर गोळी पुरी सुरू झाली. ती शेजारच्या कारखान्यात कपड्यांना काजं-बटणं करायला लागली, तो सुट्टीच्या दिवशीही ट्रकचा गंज खरवडायला जाऊ लागला. गळ्यातली सूज उतरली. पण ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची, आणि तेही एकेरीच.

डावा हात अजून प्लॅस्टरमध्ये असल्यानं पोराचे दोन्ही हात आता निकामी होते. डेंटर त्याला घास भरवायचा. एका संध्याकाळी पुऱ्या गोळीवरही राग परत उसळला, पण आता त्याला मारायला हात नव्हता. त्यानं बापाचं बोट दातांत धरलं. कातडी फाटली, भातात रक्त मिसळलं. डेंटरनं बोट ओढून घेतलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तो तसाच बसून राहिला.

बायको धावत आली. तिनं पोराचे गाल दोन्हीकडून दाबले, जबडा सोडवला, पदर फाडून नवऱ्याच्या बोटाला करकचून चिंधी बांधली.

"ओढून का नाही घेतलंत?"

त्यानं रक्ताळलेला भात बाजूला सारला. ती पोराच्या उशाशी बसली आणि तिनं हात जोडले. डेंटरनं जोडले नाहीत. काय मागायचं, ते त्याला सुचतच नव्हतं. पण तिच्या बाजूला, फरशीवर, तो बसून राहिला.