सोनबाच्या अंगठ्याची बाटली

मी बाटली बोलतेय. नाक मुरडू नका. तुमच्या पायांची जेवढी अंडीपिल्ली मला ठाऊक आहेत, तेवढी तुमच्या वहाणांनाही नाहीत.

माझा जन्म तळेगावच्या काचभट्टीतला. फुंकणाऱ्याला नेमकी तेव्हाच शिंक आली, म्हणून माझी मान वाकडी. तेव्हापासून मी जगाकडे तिरकीच बघते. शिक्षण म्हणाल तर अंगावर चिकटवलेल्या कागदांपुरतं. 'पोटात घेऊ नये' आणि 'बाटली हलवा' एवढं मात्र घडाघडा वाचते. निम्मं आयुष्य खोकल्याच्या औषधात गेलं. मग चिंचवडच्या दवाखान्यातल्या उद्धवराव कंपाउंडरांनी मला उकळून, पुसून, आत जांभळं औषध भरलं आणि सोनबाच्या हातात दिलं.

सोनबाची निम्मी जमीन पिंपरीच्या माळावरच्या औषध कारखान्यात गेली. उरलेल्या तुकड्यावर घर भागेना, म्हणून तो तिथंच भरतीला गेला. छाती फुगवून, मिशी पिळून. आणि तिथल्या डॉक्टरांनी बघावं काय, तर पाय! औषध बनतं तिथं स्वच्छतेचा कायदा भारी कडक. सोनबाच्या उजव्या अंगठ्याचं नख म्हणजे जुन्या मक्याचा दाणा. पिवळं, जाड, कडेनं भुगा झडणारं.

"बुरशी आहे," डॉक्टर म्हणाले. "पुढची भरती वर्षानं. नख स्वच्छ करून ये, मग बघू."

उद्धवरावांनी रीत सांगितली. "रोज सकाळ-संध्याकाळ पाय धुवायचा, बेचक्यांसकट कोरडा करायचा, नख कानशीनं हलकं घासायचं आणि काडीला नवा कापूस लावून औषध फिरवायचं."

"किती दिस?"

"बुडापासून नवं नख येईपर्यंत. वर्ष धर."

"वरीस? तेवढ्यात म्हस वितीय, कंपाउंडरसाहेब!"

"तुझं नख म्हशीहून आळशी आहे. आणि एक दिवस चुकवलास तर ते हसेल तुला."

मीही हसले असते. पण सोनबानं चुकवलाच नाही. ताप असो, पाहुणे असोत, दोन वेळा माझं बूच निघायचंच. अंगठा जांभळाजर्द. तेव्हा सत्तावन्न सालच्या मतदानाची शाई लोकांच्या बोटांवर ताजी होती, मग शेजारचा भिमाजी गप्प बसतोय?

"काय सोनबा, लोकांनी बोटाला शाई लावून घेतली, तू पाय घातलास व्हय पुढं?"

"व्हय. रांगेत उभं ऱ्हाऊन कटाळला बिचारा. म्हनलं, त्यालाबी मत देऊ द्या."

बायको छबूबाई तर रोज टोमणा मारायची. "अवं, लग्नात माज्या पायाला एवढी हळद लागली न्हाई." पण ओल्यात उभं राहिलं की औषध धुऊन जातं हे कळल्यावर तिनंच पदर खोचला, खोरं उचललं. "पाटाच्या पान्यात मी हुबी ऱ्हाते. तुमी तुमचं नख वाळवत बसा."

श्रावणात बुडाशी गव्हाच्या दाण्याएवढं गुलाबी नख दिसलं. सोनबानं ते गावाला बारशासारखं दाखवलं. आणि दसऱ्याच्या आधी त्याच नव्या नखाच्या कडेला पिवळा ठिपका! भरतीला पाच-सहा महिने उरलेले. सोनबाचा चेहरा असा पडला, की मला खोडी काढावीशीच वाटेना.

उद्धवरावांनी पाय उलटसुलट पाहिला. "नखं कोण काढतं तुझी?"

"दत्तोबातात्या. दर सोमवारी आख्ख्या आळीची काढतो."

"एकाच नराणीनं?"

नराणी म्हणजे न्हाव्याचं नखं काढायचं पातळ पोलादी हत्यार. उद्धवरावांनी नुसतं स्टोव्हवर उकळणाऱ्या सुयांकडे बोट दाखवलं. मी बोलले असते, पण माझ्या तोंडात बूच.

सोमवारी सोनबा मला बंडीच्या खिशात घालून पारावर गेला. सत्तरीच्या दत्तोबानं दगडावर नराणी परजली आणि सवयीनं, धार बघायला, आपल्याच पायाच्या अंगठ्याच्या नखावरून एकदा चालवली. मी वाकड्या मानेनं पाहिलं. अगं बया! सोनबाचं नख मक्याचा दाणा असेल, तर हे आख्खं कणीस! वर्षानुवर्षं तो आधी आपलं नख तासत होता आणि मग गावाचं.

सोनबानंही पाहिलं. "तात्या, नराणी उकळून घे. मग माज्या पायाला लाव."

पारावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

"तुजं जावळ म्या काढलं," दत्तोबा म्हणाला. "तुज्या बापाची दाढी म्या केली. आन आज माजं हत्यार घान झालं व्हय?"

इथं कुणीही मान खाली घालून उठला असता. सोनबानं वहाण काढली आणि आपला पाय तात्याच्या पायाला लावून ठेवला. निम्मं गुलाबी नख आणि पुरतं पिवळं, एका दगडावर.

"हत्यार न्हाई तात्या. ही बुरशी हाय. तुज्या नखाची नराणीला, नराणीची आमाला."

दत्तोबानं नराणी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "तुला दुखतं का रं?"

"वहाण घातली की."

"मला धा वर्सं दुखतंय. पर गावाची नखं काढनारानं सोताचं नख कुनाला दावायचं? लोक पाय तरी फुडं करतील का?"

सोनबानं मला बाहेर काढलं, काडीला कापूस गुंडाळला. "आन पाय."

पुढच्या सोमवारी पारावर तीन दगडांची चूल, तिच्यावर तांब्या, तांब्यात नराणी. भिमाजी आलाच. "काय तात्या, नराणीचा चा करतोस?"

"व्हय. तुलाबी पाजतो. काढ वहाण!"

भिमाजीचं नख कसं निघालं ते मी सांगत नाही. तो आठवडाभर मतदानाचं नाव काढत नव्हता, एवढंच सांगते.

होळी झाली, भरती आली. सोनबाच्या नखाच्या टोकाला तांदळाएवढं पिवळं उरलं होतं. डॉक्टरांनी चष्मा सरकवून पाहिलं. "एवढं कापून उद्या कामावर ये." ते टोक दत्तोबानंच काढलं, उकळलेल्या नराणीनं. सोनबानं पाय बिनघोर त्याच्या मांडीवर ठेवला होता. आता सोनबा कारखान्यात काय करतो माहीत आहे? बाटल्या धुतो! माझ्या जातीची सेवा करतो लेकाचा.

मला त्यानं दत्तोबाकडेच ठेवलं. न्हाव्याच्या पिशवीत, वस्तरा आणि कात्रीच्या शेजारी राहते. सत्तरीचं नख फार सावकाश वाढतं, तरी निम्मं गुलाबी झालंय. माझं मागणं एवढंच, बाबांनो. पाय लपवू नका, कोरडे ठेवा, आणि निम्मं नख बरं दिसलं म्हणून मला फळीवर टाकू नका.

दत्तोबाची धार बघायची सवय काही सुटत नाही. आता तो नराणी माझ्या बुचावर चालवतो. रोज एक कपची उडते. बूच निम्मं उरलंय, दत्तोबाचं नख निम्मं यायचंय. आधी बूच संपतं की आधी नख येतं, यावर मी पैज लावलीय. नखावर. हरले तर बुचाविना औषध माझंच सांडणार आहे, तरीही नखावरच.