बारानंतरची वेळ शुलामितची

“दहा ते बारा तुझी वेळ. तेवढा वेळ कुणाचं वाईट बोलायचं नाही, ऐकायचंही नाही. आणि मी शुद्धीवर येईन तेव्हा समोर तूच हवीस.”

हैफाच्या इस्पितळात जाताना रिव्का थोरल्या बहिणीला, पेनिनाला म्हणाली होती. तिला बरं वाटावं म्हणून तिबेरियातल्या बायकांनी दिवसाचे तास व्रतासारखे वाटून घेतले होते. आज सकाळी तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं, आणि इकडे पेनिना ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, फोनवरून ऐकवायच्या प्रचाराचा कागद धरून उभी होती. दवाखान्याच्या फोनवर ‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणारा मऊ आवाज तिचाच. गावाचा त्यावर विश्वास होता.

कागद स्तोत्राच्या ओळीने सुरू होत होता. पुढच्याच ओळीत ‘शब्बाथचा वैरी’, त्याखाली ‘लेकरांच्या ताटातलं विष’.

“वाच ना,” प्रचारप्रमुख ओवाद्या म्हणाला.

“हे समोरच्या पक्षाच्या मास्तरांबद्दल आहे.”

“नाव कुठे घेतलंय? दाखव, कागद खाऊन टाकतो!”

“नाव नसलं तरी निंदेची धूळ उडतेच.”

“परवा मतदान, आणि ही बाई धूळ झटकत बसलीय! अगं माझे आई, तुझं ते व्रत बाराला सुटतं ना? मग बाराला वाच. मी थांबतो.”

पेनिनाला हायसं वाटलं. ती खुर्चीवर टेकली. मोबाइल मांडीवर होता, मुका. आत काय चाललं असेल? बारानंतर मी मोकळी, ती मनाशी म्हणाली. बारानंतर वेळ शुलामितची.

ती थबकली. शुलामित फोन उचलणार. ओळखीचा आवाज म्हणून शेवटपर्यंत ऐकणार, आणि तिचं व्रत मोडणार. तिच्यानंतर हान्ना.

“ओवाद्या, हे फोन कधी जाणार?”

“दुपारपासून रात्रीपर्यंत. घरोघर.”

“मग मला नाही जमायचं.”

“दुसरी कुणी वाचेल. त्यांच्या कानांवर पडायचं ते पडणारच!”

“पडेल. माझ्या आवाजात नको.”

“पुन्हा काम मागायला येऊ नकोस.”

तिने कागद घडी घालून टेबलावर ठेवला, डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मोबाइल पुन्हा पाहिला. काहीच नाही.

रस्त्यावर भोंग्याची गाडी येत होती, समोरच्या पक्षाची. बारा अजून वाजले नव्हते. पेनिनाने पिशवी कोपरात अडकवली, दोन्ही कानांत बोटं घातली आणि हैफाच्या बसकडे चालू लागली.