अंथरुणातली करणी

वडगावात देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. विणकर माग थांबवून गावात आलेल्या एका बाबाचा चमत्कार बघायला आले होते. मधोमध तम्मण्णा पालथा पडला होता. दिवसभर मागाच्या खड्ड्यात बसून, वाकून त्याची पाठ कामातून गेली होती. बाबानं त्याच्या कंबरेला तोंड लावलं, जोरानं चोखलं आणि ताटलीत थुंकला. टण्‌! गंजका खिळा.

"बघा रं! भुतं माझ्यापुढं पाणी भरत्यात, खिळ्याची काय कथा!" बाबा गरजला. मग हळूच म्हणाला, "ह्ये खिळे अंथरुणातनं शिरल्यात. तुझं अंथरूण कोण घालतंय?"

सगळ्या माना तम्मण्णाच्या बायकोकडं वळल्या. यल्लव्वा पोटुशी होती.

"मी वाकळ तेवढी पसरते वो," ती म्हणाली. "अवो, तुमी तरी बोला की!"

रोज संध्याकाळी तीच त्याच्या पाठीला तेल चोळायची. तरी तम्मण्णा बोलला नाही. त्याची आई, बायाक्का, हिनं त्याच दिवशी सुनेला बैलगाडीत घालून सुळेभावीला माहेरी धाडलं.

बाबाच्या हुकमानं तम्मण्णा बाज सोडून भुईवर निजू लागला. पाठ हलकी झाली. गल्लीनं ठरवून टाकलं, यल्लव्वा चेटकीणच! पण थंडी पडली, तो परत बाजेवर गेला आणि पाठ पुन्हा धरली.

"माहेरातनं करणी धाडत्या ती," बाबा म्हणाला.

सुळेभावीहून पाठीत खिळा? तम्मण्णाला ते पटेना. तो डॉक्टर मारुतीरावांकडं गेला. त्यांनी पाठ दाबून पाहिली, विचारलं, "झोपतोस कशावर?" आणि थेट घरी आले. बाजेच्या दोन्ही कडांच्या लाकडांवर त्यांनी एक सरळ काठी आडवी ठेवली. मधला सुंभ काठीखाली वीतभर लोंबत होता.

"ही बाज का झोळी? दिवसा मागाच्या खड्ड्यात वाकतोस, रात्री ह्या खड्ड्यात. पाठीनं सरळ व्हायचं कधी? सुंभ आवळून घे, न्हाईतर फळ्यांवर जाड वाकळ घालून नीज. कुशीवर निजलास तर गुडघ्यांमध्ये उशी घाल, उताणा निजलास तर गुडघ्यांखाली."

"म्हंजे भुईवर निजलो, म्हणून बरं वाटलं?"

"व्हय. खिळ्यांचा काय संबंध?"

देवळापुढं पुन्हा गर्दी जमली तेव्हा डॉक्टरांनी बाबापुढं तांब्या धरला. "आधी चूळ भरा, मग चोखा."

"माझ्या तोंडात मंत्र हाय! पाण्यानं इटाळंल!"

"मग तोंड उघडून मंत्र तरी दावा."

लोक हसले. बाबा उठून पळू लागला, तोच कुणीतरी त्याचं थोबाड धरलं. गालात लपवलेले खिळे खाली पडले.

तम्मण्णाला हसू आलं नाही. तो तडक सुळेभावीला गेला. यल्लव्वा दारात सुताच्या कांड्या भरत बसली होती. घरात पाळणा दिसत नव्हता.

"पोर?"

"गाडीच्या धक्क्यानं दिस भरायच्या आधीच झालं. रडलं सुदिक न्हाय."

तो तिच्यापुढं बसला. "बाबा लबाड निघाला गं. बाज ढिली हुती."

यल्लव्वाचा हात थांबला नाही. "बाबा परका हुता," ती म्हणाली. "तुमी न्हवता."

तो एकटाच परतला. बाज आवळली, पाठ सुधारली. यल्लव्वा आली नाही.

पुढं वडगावात कुणाची पाठ धरली की तम्मण्णा त्याच्या घरी जाऊन सांगायचा, "डॉक्टराला दावा. बाजेचा सुंभ ओढून बघा. पर शाबीत झाल्याबिगर कुणाच्या लेकीला घराबाहेर काढू नका."