विहिरीत उतरण्याचं तिसरं कारण

"माय, दोर धर! दोर धर म्हनतो ना!"

शहादेव विहिरीच्या काठावर पालथा पडून ओरडत होता. त्याच्यामागं आठदहा माणसं जमली होती आणि सगळी एकाच वेळी सल्ले देत होती. खाली पाण्यात त्याची आई भिवराबाई, साठीची विधवा बाई, पाठीला वाळका भोपळा बांधून, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून निवांत हातपाय हलवत होती. दोर डोक्याजवळ सपकन पडला तशी ती चिडली.

"दोर कावून टाकला रे? डोळा फुटला असता की माझा!"

"तू बुडायलीस, माय!"

"कोन बुडायलंय? पवायलेय मी. दिसंना का तुला?"

दिसत सगळ्यांनाच होतं. पण शेजारच्या मळ्यातला बंकट त्या दिवशी मोट जुंपायला लवकर आला होता, पाण्यात पांढरं डोकं बघून 'म्हातारी हिरीत पडली' अशी बोंब त्यानं ठोकली होती, आणि एवढं गाव गोळा झाल्यावर म्हातारी पडलीच नव्हती म्हणायचं तर त्याचं हसं झालं असतं. तेव्हा त्यानं बंडी काढली, उडी टाकली आणि भिवराबाईचे केस धरून तिला ओढायला सुरुवात केली. ओढाओढीत भोपळा पायरीवर आपटून फुटला. पोहायला लागल्यापासून महिनाभरात कधी तिच्या नाकात पाणी गेलं नव्हतं, ते बंकटच्या कृपेनं गेलं. वर आणली तेव्हा ती अर्धमेली होऊन खोकत होती, आणि काठावरचे लोक म्हणत होते, "बघा, थोडक्यात वाचली!"

मला ही गोष्ट सांगताना आजही संताप येतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो की मी शांतपणे सांगणार नाही.

आमच्याकडे बाई विहिरीत दोनच कारणांनी उतरते. एक पाण्यासाठी, दुसरं जीव द्यायला. जीव दिला की गाव हळहळतं, बिचारी लई सोशीक होती म्हणतं, तेराव्याला जेवतं. तिसरं काही कारण असेल हे कुणाच्या टाळक्यात शिरत नाही. भिवराबाईचं कारण तिसरं होतं. तिला पाण्यात पडून राहायला आवडत होतं, बस्स.

आणि विहीर कुणाची? तिचीच. नवरा खणत होता तेव्हा डोक्यावरून मुरूम वाहून हिची टाळू उघडी पडली होती. मोठ्या दुष्काळात विहिरीचा तळ दिसला आणि आत नाग निघाला म्हणून बाप्ये काठावर घुटमळायला लागले, तेव्हा कमरेला दोर बांधून गाळ काढायला हीच उतरली. त्या वेळी आमच्या पाली गावातल्या मिशीवाल्यांनी तिला वाघीण म्हटलं होतं. त्याच दुष्काळात ती जालन्याकडे रुळाच्या कामावर खडी फोडायला गेली. तिथं हिनं इंजिनवाल्या साहेबाला हातवारे करून विचारलं आणि इंजिनावर चढून आत आग कशी घालतात ते बघून आली. बरोबरच्या बाया मेल्या भीतीनं. उंटवाले बलुची गावावरून गेले तर ही हटकून उंटावर बसून बघणार. नवं काही दिसलं की हिचे पाय शिवशिवायचे. पण पोटापाण्याच्या रगाड्यात ते खपून जात होतं. भुकेपायी बाईनं केलेलं धाडस चालतं. हौसेनं केलेलं तेवढं चालत नाही.

लहानपणी भाऊ विहिरीत उड्या मारायचे आणि ही काठावर त्यांचे कपडे धरून उभी असायची. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. नवरा गेला, पोरी सासरी गेल्या, मोट शहादेवच्या हाती गेली, आणि लोक म्हणायला लागले, आता माळ घ्या, कोपऱ्यात बसा. हिनं माळ घेतली नाही. बियाण्यासाठी टांगलेला वाळका भोपळा खाली काढला आणि उजाडायच्या आत पायऱ्या उतरली. आधी पायरी धरून पाय मारले, मग एक दिवस पायरी सोडली. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा भाकरी थापणारी सून, भामाबाई, तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. भिजलेलं लुगडंही तिनं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती दाराशी सुकं लुगडं काढून ठेवायला लागली.

आता हीच भामाबाई चावडीच्या खांबाआड पदर ओढून उभी होती. पोटुशी होती. सासूला ओल्या अंगानंच चावडीवर आणलं होतं, आणि मोहनराव पाटील लोडाला टेकून न्याय करायला बसले होते.

"वैनी, खरं सांगा. कुनाचा जाच हाय?"

"कुनाचा न्हाई."

"मंग जीव कावून द्यायलता?"

"जीव द्यायचा आसता तर भोपळा कावून बांधला आसता, पाटील?"

दोघंतिघं हसले. पाटलांनी डोळे वटारले तसे गप झाले.

"मंग बाहेरचं काई लागलंय. देवऋशाला दाखवा इला."

"काई लागलं न्हाई. पवायला गेलते. रोज जाते. लई बरं वाटतंय."

"ह्या वयात? लाज न्हाई?"

भिवराबाईनं तोंडावरचं पाणी पुसलं. "कोन्या वयात जायाचं व्हतं? ल्हान व्हते तवा पोरगी म्हनून न्हाई. मंग सून म्हनून न्हाई. आता म्हातारी म्हनून न्हाई. मधी एकादा दिस ठिवलाय का तुमी आमच्यासाठी? मेल्यावर निजायचंच हाय, पाटील. जित्तेपनी कावून निजू?"

उत्तर नसलं की आवाज चढवायचा, ही पाटीलकीची जुनी रीत. पण हे पाटील त्याहून हुशार होते. त्यांनी आवाज उतरवला.

"हे बगा वैनी. पाय घसरला म्हना. गाव बी मोकळं, तुमी बी मोकळ्या."

"पाय घसरला न्हाई. मी उतरले."

"माय, म्हन की," शहादेव काकुळतीला आला. "एवढ्यासाठी कावून आडून बसलीस?"

"आरं, मी माज्या पायानं उतरले. पन्नास वर्सं वाट बगून उतरले. ते काय घसरनं हाय व्हय?"

पाटलांनी पान जुळवलं, तोंडात टाकलं, आणि नजर खांबाकडं नेली.

"मंग आमाला बीडला कळवावं लागंल. पोलिसाचे आमीनसाहेब येतेल. तहकिकात हुईल. म्हातारी हिरीत सापडली म्हंजी सुनंचा जाच, दुसरं काय आसतंय? सुनंला चार दिस बीडच्या ठान्यावर बसवतेल. पोटुशी हाय न्हवं ती?"

खांबाआडून हुंदका आला. शहादेव एवढा धट्टाकट्टा गडी, पण 'माझ्या बायकोनं काही केलं नाही' एवढं वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. त्यानं वाकून आईचे पाय धरले. बायकोसाठी पाटलासमोर उभं राहण्यापेक्षा आईचे पाय धरणं सोपं होतं, आणि सोपं ते त्यानं केलं.

भिवराबाईनं सुनेकडं पाहिलं. रोज दाराशी सुकं लुगडं ठेवणारी ही एकटीच होती.

"घसरला," ती म्हणाली.

"काय म्हनलात?"

"पाय घसरला माजा. झालं समाधान?"

झालंच. चावडीवरची सगळी माणसं एकदम मोकळी झाली, जसं काही त्यांनीच तिला मरणातून ओढून काढलं होतं. कुणी तिला हळदीचं दूध द्यायला सांगितलं. पाटलांनी नवा फेटा मागवून स्वतःच्या हातानं बंकटच्या डोक्याला बांधला आणि असे जिगरबाज गडी आहेत म्हणून गाव आहे, असं भाषण केलं. बुडत नसलेल्या बाईला बुडवून वर काढल्याबद्दल फेटा! भिवराबाई ते बघत उभी होती. तिनं थुंकायला पाहिजे होतं. ती थुंकली नाही, सुनेचा हात धरून घरी गेली.

त्याच संध्याकाळी शहादेवनं विहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकल्या. रडत रडत टाकल्या म्हणतात. पण रडल्यानं काटे काही बोथट होत नाहीत. पाणी मोटेनं येतच होतं, त्यामुळं पायऱ्यांवाचून कुणाचं काही अडलं नाही.

भिवराबाई कोपऱ्यात बसायला लागली. गावाला जशी म्हातारी हवी होती तशी ती झाली, आणि आता कशी गुणाची झाली म्हणून शेजारपाजारचे कौतुक करायला लागले.

एका दुपारी शहादेव रानात होता. सासू अंगणातल्या बाजेवर बसून ज्वारी पाखडत होती, सून जवळ खडे वेचत होती. वेचता वेचता तिनं विचारलं, "आत्याबाई, पान्यात आसतंय कसं वो?"

भिवराबाईचं सूप थांबलं. "तुला काय करायचंय?"

"इचारायले आपलं."

"कुनी इचारलं न्हाई आजवर. समदे जाच कुनाचा तेवढंच इचारत्यात."

"मी इचारायले की."

भिवराबाईनं सूप खाली ठेवलं. दार लोटलेलं आहे का ते एकदा पाहिलं. मग ती बाजेवर पालथी पडली. पाय बाजेच्या कडेबाहेर काढले, मान उचलली आणि दोन्ही हात पुढं केले.

"आदी पाय. बेडकावानी. मंग हात असं बाजूला सारायचे. तू हुबी राहून कर, पोटावर निजू नको."

भामाबाई उभी राहिली. भीत भीत तिनं हात पुढं केले.

"आन् दम?"

"तोंड वर आलं की घ्यायचा. घाई न्हाई करायची. पानी धरून ठिवतंय, भामे. मान्सावानी वढत न्हाई."

बाज करकरत होती. कोरड्या अंगणात भर उन्हात म्हातारी हात मारत होती, आणि तिच्या शेजारी उभी राहून सून तसेच हात मारत होती. तिच्या डोक्यावरचा पदर खाली पडला होता. तो सावरायला तिचे हात मोकळे नव्हते.